परावर्तन व घूर्णन, प्रतलीय आकृत्यांचे

प्रतलावरील आकृती एखाद्या रेषेच्या पलीकडे, आरशातील प्रतिमेप्रमाणे, उलटविणे यास परावर्तन आणि ती एका स्थिर बिंदूभोवती ठराविक कोनातून फिरविणे यास घूर्णन असे म्हणतात. दोन्ही क्रियांत आकृतीतील कोणत्याही दोन बिंदूंमधील अंतर बदलत नाही. त्यामुळे लांबी, कोन व क्षेत्रफळ ही कायम राहतात. सहनिर्देशकांच्या भाषेत या क्रिया फार थोडक्यात मांडता येतात. क्ष-अक्षातील परावर्तनाने (क्ष, य) हा बिंदू (क्ष, –य) येथे, तर य-अक्षातील परावर्तनाने (–क्ष, य) येथे जातो. क्ष = य या रेषेतील परावर्तनाने सहनिर्देशकांची केवळ अदलाबदल होते. आदिबिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एका काटकोनातून घूर्णन केल्यास (क्ष, य) चे (–य, क्ष) होते आणि अ या कोणत्याही कोनातून केल्यास नवे सहनिर्देशक क्ष कोज्या अ – य ज्या अ व क्ष ज्या अ + य कोज्या अ असे येतात.

आज शाळेतील विद्यार्थी आलेखाच्या कागदावर ही सूत्रे सहज पडताळून पाहतो. तथापि या साध्या दिसणाऱ्या क्रियांना भूमितीत मान्यता मिळण्यास सु. दोन हजार वर्षे लागली. आकृती ‘हलविणे’ हे गणिताचे कार्य आहे की सुताराचे, हा वाद या इतिहासाच्या मुळाशी आहे, आणि तो विसाव्या शतकातही शमलेला नव्हता.

प्राचीन काळ : यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांच्या मूलतत्त्वे या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील चौथे प्रमेय म्हणजे मराठी विद्यार्थ्यांच्या परिचयाची बाजू-कोन-बाजू (बाकोबा) कसोटी होय. दोन त्रिकोणांच्या दोन बाजू व त्यांमधील कोन समान असतील, तर एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवावा म्हणजे ते तंतोतंत जुळतील, अशी या प्रमेयाची सिद्धता आहे. परंतु त्रिकोण उचलण्याची परवानगी देणारे एकही गृहीतक यूक्लिड यांनी दिलेले नाही. ही युक्ती त्यांनी आठव्या प्रमेयात व तिसऱ्या खंडातील चोविसाव्या प्रमेयात पुन्हा वापरली. मात्र जेथे ती टाळता येणे शक्य होते तेथे, बरेच कष्ट पडले तरी, कटाक्षाने टाळली. आपण चोरवाटेने जात आहोत याची त्यांना जाणीव असावी, असेच या संयमावरून वाटते. गणितातील वस्तू गतिरहित असतात, हे ॲरिस्टॉटल यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई.

याच परंपरेत एक सुंदर अपवाद आढळतो. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन समान असतात, हे यूक्लिड यांचे पाचवे प्रमेय मध्ययुगीन विद्यार्थ्यांना अवघड वाटे, कारण त्याच्या आकृतीत अनेक पूरक रेषा काढाव्या लागतात. अलेक्झांड्रियाचे पॅपस (चौथे शतक) यांनी एकही रेषा न काढता ते सिद्ध केले. त्रिकोण एकच घ्यावयाचा, पण त्याची शिरोबिंदूपासून दोनदा गणना करावयाची : एकदा डावीकडून उजवीकडे व एकदा उजवीकडून डावीकडे. या ‘दोन’ त्रिकोणांना बाकोबा कसोटी लावली की पायाजवळचे कोन समान ठरतात. येथे त्रिकोण जागचा हललेला नाही. तो स्वतःच्याच प्रतिबिंबाशी ताडून पाहिला आहे. परावर्तन ही हालचाल नसून बिंदूंना बिंदू जोडून देणारी संगती आहे, ही आधुनिक कल्पना या सिद्धतेत बीजरूपाने दिसते.

परावर्तनाचा उपयोगही याच शहरात प्रथम स्पष्टपणे झाला. हेरॉन (पहिले शतक) यांनी आरशावरून परतणारा प्रकाशकिरण कमीत कमी अंतराचा मार्ग धरतो असे दाखविले. समजा, (०, ३) पासून निघून क्ष-अक्षाला स्पर्श करून (१२, ६) येथे जावयाचे आहे. दुसऱ्या बिंदूचे अक्षात परावर्तन केले की (१२, –६) हा बिंदू मिळतो. पहिल्या बिंदूपासून तेथवर काढलेली सरळ रेषा अक्षाला (४, ०) येथे छेदते आणि तिची लांबी १५ येते. मूळ मार्गाचे ५ व १० असे दोन तुकडे पडतात. त्याहून जवळचा मार्ग संभवत नाही, कारण दोन बिंदूंमधील सरळ रेषा हीच सर्वांत आखूड. सहनिर्देशक हेरॉन यांना ठाऊक नव्हते. युक्तिवाद मात्र हाच होता.

भारतीय गणितात गतीविषयी असा संकोच नव्हता. भास्कराचार्य (जन्म १११४) यांच्या बीजगणित या ग्रंथात काटकोन त्रिकोणाच्या कर्णवर्गाची जी उपपत्ती आहे, तीत एकच त्रिकोण चार वेळा, प्रत्येक वेळी एका काटकोनातून फिरवून, मांडलेला आहे. चार कर्णांचा एक चौरस होतो व मध्ये भुजांच्या फरकाएवढ्या बाजूचा लहान चौरस उरतो. क्षेत्रफळांची बेरीज केली की इष्ट निष्कर्ष मिळतो. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी लीलावतीवरील आपल्या बुद्धिविलासिनी (१५४५) या टीकेत वर्तुळाचे क्षेत्रफळ असेच हाताळले आहे. वर्तुळाची दोन अर्धे करून प्रत्येकाचे सुईच्या टोकासारखे निमुळते तुकडे पाडावयाचे, ती उलगडून करवतीच्या दात्यांसारखी करावयाची आणि एक अर्ध उलट फिरवून दुसऱ्यात बसवावयाचे, म्हणजे अर्धा परीघ व त्रिज्या या बाजूंचा आयत तयार होतो. येथे दोन काटकोनांतील घूर्णन हीच किल्ली आहे. ही ‘उपपत्ती’ पटवून देण्यासाठी आहे, गृहीतकांपासून सिद्ध करण्यासाठी नाही. म्हणून आकृती हलविण्याचा अधिकार कोठून आला हा प्रश्न येथे उद्भवलाच नाही. यूक्लिड यांची रीत संस्कृतात आली ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट यांच्या रेखागणित या ग्रंथाद्वारे. तो तूसी यांच्या अरबी संस्करणावरून सिद्ध केलेला आहे.

मध्ययुगीन आक्षेप : अरबी गणितात हा वाद उघडपणे झाला. इब्न अल्-हैथम (सु. ९६५–सु. १०४०) यांनी समांतर रेषांचे गृहीतक सिद्ध करण्यासाठी एक काटकोनी दांडी रेषेवरून सरकविली व तिचे वरचे टोक सरळ रेषाच आखते असे प्रतिपादन केले. उमर खय्याम (१०४८–११३१) यांनी यास हरकत घेतली. भूमितीचा व गतीचा संबंध काय, गती म्हणजे तरी काय, आणि रेषा जर पृष्ठाची कड असेल तर ती पृष्ठ सोडून एकटी कशी चालू लागेल, अशा आशयाचे त्यांचे प्रश्न होते. रुबायांचे कर्ते म्हणून प्रसिद्ध असलेल्या या कवीचा हा आक्षेप त्यांच्या भूमितीविषयक लेखनातील सर्वांत मर्मभेदी भाग होय. वस्तुतः दोष गतीत नव्हता. सरकणाऱ्या दांडीचे टोक सरळ रेषा आखते, हे विधानच सिद्ध करावयाच्या गृहीतकाशी सममूल्य होते आणि ते गतीच्या आवरणाखाली नकळत आत आले होते. गतीवर अविश्वास का असावा, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. यूरोपात झाक पेलत्ये (१५१७–८२) यांनी १५५७ मध्ये यूक्लिड यांच्या चौथ्या प्रमेयावरच असा आक्षेप घेतला : आकृती एकमेकींवर ठेवून समानता ठरविणे ग्राह्य असेल, तर मग बहुतेक सगळीच प्रमेये तशी सिद्ध करावीत; इतर खटाटोपाचे प्रयोजन काय ?

सहनिर्देशकांचा प्रवेश : रने देकार्त (१५९६–१६५०) यांचा भूमितीवरील निबंध १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला व प्येअर द फेर्मा यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तीच पद्धती शोधली. तथापि आज ज्यास कार्तीय प्रतल म्हणतात ते देकार्त यांच्या पुस्तकात सापडत नाही. त्यांना बहुधा एकच आधाररेषा पुरे, दुसरी दिशा सोयीप्रमाणे तिरकीही चाले आणि ऋण सहनिर्देशकांना तेथे स्थान नव्हते. ऋण संख्यांवाचून परावर्तन लिहिताच येत नाही, कारण अक्षाच्या पलीकडची बाजूच उपलब्ध नसते. जॉन वॉलिस (१६१६–१७०३) यांनी ऋण सहनिर्देशक जाणीवपूर्वक वापरले आणि न्यूटन यांनी १७०४ मध्ये छापलेल्या तृतीय घात वक्रांवरील निबंधात दोन अक्ष व चारही चरण मोकळेपणाने योजिले. तेव्हापासून प्रतलाला खऱ्या अर्थाने दोन्ही बाजू लाभल्या.

घूर्णन वेगळ्या दाराने आले. वर्ग समीकरणाने दर्शविलेला वक्र कोणता शांकव आहे हे ओळखण्यासाठी अक्ष सरकवावे व फिरवावे लागतात. हे काम यान दे विट यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास पद्धतशीरपणे केले. पुढे हॉलंडचे राज्यधुरीण म्हणून गाजलेले आणि १६७२ मध्ये जमावाच्या हातून मारले गेलेले ते हेच. लेओनार्ट ऑयलर (१७०७–८३) यांनी १७४८ च्या आपल्या ग्रंथात अक्ष बदलण्याची सूत्रे जवळजवळ आजच्या रूपात दिली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. ऑयलर यांनी फिरविले ते अक्ष, आकृती नव्हे. अक्ष अ कोनातून एका दिशेने फिरविणे व आकृती तितक्याच कोनातून विरुद्ध दिशेने फिरविणे यांची सूत्रे एकच येतात. अर्थ मात्र भिन्न असतो. पहिल्यात त्याच बिंदूला नवे नाव मिळते, दुसऱ्यात बिंदू नव्या जागी जातो. विद्यार्थ्यांकडून चिन्हांच्या ज्या चुका होतात त्यांतील बऱ्याच या गल्लतीतून उद्भवतात. ऐतिहासिक दृष्ट्या मात्र अक्षांची ही वाट सोयीचीच ठरली : आकृतीला हात न लावता घूर्णनाचे सर्व गणित तयार झाले आणि गतीविषयीच्या जुन्या आक्षेपाला तोंड देण्याची वेळ आली नाही.

आकृतीच फिरविण्याचे धाडस एका भूमापकाने केले. कास्पार वेसेल (१७४५–१८१८) हे नॉर्वेत जन्मलेले व डेन्मार्कच्या मोजणीखात्यात काम करणारे गृहस्थ. नकाशे तयार करताना दिशायुक्त रेषाखंडांची बेरीज-गुणाकार कसा करावा हा त्यांचा व्यावहारिक प्रश्न होता. त्यांनी १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे निबंध वाचला. त्यात –१ चे वर्गमूळ म्हणजे एकक रेषेला लंब असलेली रेषा आणि त्याने गुणणे म्हणजे एका काटकोनातून फिरविणे, असा अर्थ लावलेला होता. (क्ष + य√–१) ला √–१ ने गुणले की (–य + क्ष√–१) मिळते, म्हणजे वर दिलेले काटकोनी घूर्णनच. दोनदा फिरविले की दिशा उलट होते. –१ ने गुणण्याचा अर्थही तोच. ज्या संख्येला दीर्घकाळ ‘काल्पनिक’ म्हणून हिणविले गेले ती केवळ एक वळण निघाली. हा निबंध १७९९ मध्ये डॅनिश भाषेत छापला गेला आणि जवळजवळ शंभर वर्षे कोणाच्या दृष्टीस पडला नाही. दरम्यान झां रोबेअर आरगां यांनी १८०६ मध्ये तीच कल्पना मांडली व कार्ल फ्रीड्रिख गाउस (१७७७–१८५५) यांच्या १८३१ मधील लेखामुळे ती सर्वमान्य झाली. सदसत् संख्येतील √–१ चे चिन्ह बदलले की क्ष-अक्षातील परावर्तन मिळते; अशा रीतीने दोन्ही क्रिया एकाच अंकगणितात आल्या.

डावे व उजवे : घूर्णन व परावर्तन यांत एक मूलभूत भेद आहे. घूर्णन सलग, थोडे थोडे करून घडविता येते. परावर्तन प्रतलात राहून तसे घडविता येत नाही. कागदाचा ‘क’ कापून टेबलावर कितीही फिरविला तरी त्याचा उलटा ‘क’ होणार नाही. त्यासाठी तो उचलून पालथा घालावा लागतो, म्हणजेच तिसऱ्या मितीचा आश्रय घ्यावा लागतो. इमॅन्युएल कांट यांनी १७६८ मध्ये हाच प्रश्न डाव्या व उजव्या हाताच्या रूपाने मांडला. दोन्ही हातांची सर्व मापे व बोटांचे परस्परसंबंध सारखे असूनही एका हाताचा मोजा दुसऱ्यास बसत नाही. तेव्हा आकृतीच्या अंतर्गत संबंधांनी तिचे पूर्ण वर्णन होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आउगुस्ट फेर्डिनांट मबियस (१७९०–१८६८) यांनी १८२७ मध्ये याचे गणिती उत्तर दिले. प्रतलातील आकृती उलटविण्यास जशी तिसरी मिती, तशी घनाकृती उलटविण्यास चौथी मिती लागेल. पण असे अवकाश कल्पिता येत नसल्याने ते अशक्य आहे, असे त्यांनी म्हटले. ते दार त्यांनी उघडले आणि स्वतःच लावून घेतले, असेच म्हणावे लागेल. बीजगणितात हा भेद एका चिन्हात सामावतो : घूर्णनाच्या सहगुणकांचे सारणिक +१ व परावर्तनाचे –१ असते.

असे असूनही या दोहोंपैकी अधिक मूलभूत क्रिया परावर्तन हीच होय, हे एकोणिसाव्या शतकात हळूहळू उमगत गेले. एकमेकींना अ कोनात छेदणाऱ्या दोन रेषांत लागोपाठ परावर्तन केले की छेदनबिंदूभोवती २अ कोनातून घूर्णन होते. रेषा समांतर असतील तर त्यांमधील अंतराच्या दुप्पट स्थानांतरण होते. उदा., क्ष-अक्षात व नंतर क्ष = य या रेषेत परावर्तन केल्यास (क्ष, य) प्रथम (क्ष, –य) व मग (–य, क्ष) होतो. रेषांमधील कोन ४५° आहे व घूर्णन ९०° चे झाले आहे. क्रम उलटा केल्यास (य, –क्ष) मिळतो, म्हणजे घूर्णन उलट दिशेने होते. संख्यांच्या गुणाकाराहून वेगळे असे हे वैशिष्ट्य आहे. अंतरे कायम राखणारी प्रतलाची कोणतीही क्रिया जास्तीत जास्त तीन परावर्तनांनी साधता येते. त्यामुळे केवळ चार प्रकार उरतात : परावर्तन, घूर्णन, स्थानांतरण आणि रेषेत परावर्तन करून तिच्याच दिशेने सरकविणे. ओल्या वाळूत उमटलेली डाव्या-उजव्या पावलांची रांग हे या चौथ्या प्रकाराचे नित्य परिचयातील उदाहरण. मीशेल शाल (१७९३–१८८०) यांनी १८३० मध्ये दाखविले की, आकृती न उलटविता कितीही वेडीवाकडी हलविली, तरी तिची आरंभीची व शेवटची जागा एकाच घूर्णनाने (किंवा स्थानांतरणाने) जोडता येते. दोन बिंदूंच्या जुन्या व नव्या जागा जोडणाऱ्या रेषाखंडांचे लंबदुभाजक काढले की ते सामान्यतः घूर्णनकेंद्रात मिळतात. मधला प्रवास अप्रस्तुत ठरला, फक्त आरंभ व शेवट उरले. उमर खय्याम यांच्या आक्षेपातील हवाच येथे निघून गेली.

क्लाइन यांची योजना : फेलिक्स क्लाइन (१८४९–१९२५) हे १८७२ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी एर्लांगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्या प्रसंगी त्यांनी छापून वाटलेली पुस्तिका ‘एर्लांगेन योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. (तेच त्यांचे उद्‌घाटनाचे व्याख्यान होते असे पुष्कळदा लिहिले जाते, ते खरे नाही. व्याख्यान गणिताच्या शिक्षणावर होते.) आर्थर केली यांचा आव्यूहांवरील निबंध (१८५८) व कामीय झॉर्दां यांचा गतींच्या गटांवरील अभ्यास (१८६८–६९) यांची पार्श्वभूमी तयार होती. दोन क्रिया लागोपाठ केल्यास त्याच संचातील क्रिया मिळावी आणि प्रत्येक क्रिया उलटविता यावी, अशा संचास स्थूलमानाने गट म्हणतात. क्लाइन यांनी प्रश्नच फिरविला. भूमितीत आकृती हलविता येते काय, असे विचारण्याऐवजी भूमिति म्हणजे क्रियांच्या एखाद्या गटाखाली न बदलणाऱ्या गुणधर्मांचा अभ्यास, अशी व्याख्या त्यांनी सुचविली. परावर्तने, घूर्णने व स्थानांतरणे यांचा गट घेतला की यूक्लिडीय भूमिति मिळते. गट मोठा केला की समरूपतेची, आणखी मोठा केला की प्रक्षेपीय भूमिति मिळते. चोरवाटेने आलेली गती आता सिंहासनावर बसली होती.

सर्वांनी ते मान्य केले असे नाही. डाव्हिट हिल्बर्ट यांनी १८९९ च्या आपल्या भूमितीच्या पायाभूत ग्रंथात गती पूर्णपणे वगळली व बाकोबा कसोटीचा गाभा गृहीतक म्हणूनच स्वीकारला. पेलत्ये यांच्या आक्षेपाचे हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होय : सिद्ध करता येत नाही, म्हणून मागून घ्यावयाचे. याच सुमारास इटलीत मार्यो प्येरी यांनी उलट टोकाहून आरंभ केला आणि बिंदू व गती या दोनच अव्याख्यात कल्पनांवर प्राथमिक भूमिति उभारली. पुढे योहानेस येल्मस्लेव्ह (१९०७) व फ्रीड्रिख बाखमान (१९५९) यांनी केवळ परावर्तनांपासून भूमिति रचली. या रचनेत रेषेऐवजी तीतील परावर्तनच घेतात. दोन भिन्न परावर्तनांचा क्रम बदलूनही परिणाम तोच राहिला, तर त्या रेषा परस्परांना लंब असे समजावयाचे. कागदावर काही काढण्याची गरज उरत नाही.

ठिपके व स्फटिक : घूर्णनावर एक मोठे बंधन आहे आणि त्याचा प्रत्यय ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यास येतो. समोरासमोरच्या ठिपक्यांवर चौपाखी व आडमधल्या ठिपक्यांवर सहापाखी आकृती सहज जमते. पण सर्वत्र सारख्या पसरलेल्या ठिपक्यांवर पाच पाकळ्यांची सममिति कधीच जमत नाही. समजा, लगतच्या दोन ठिपक्यांमधील अंतर १ आहे व प्रत्येक ठिपका पंचघूर्णनाचे केंद्र आहे. मग हे दोन ठिपके एकमेकांभोवती, आत झुकतील अशा विरुद्ध दिशांनी, ७२° तून फिरविले असता मिळणारे दोन ठिपके परस्परांपासून केवळ ०·३८ अंतरावर येतील. परंतु सर्वांत कमी अंतर १ धरले होते; ही विसंगती झाली. म्हणून पुनरावृत्त होणाऱ्या रचनेत २, ३, ४ व ६ एवढीच घूर्णने संभवतात. या आधारे येवग्राफ फ्योदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये प्रतलावरील पुनरावृत्त नक्षीचे नेमके १७ प्रकार असल्याचे सिद्ध केले. ग्यॉर्ग पोल्या यांनी ते १९२४ मध्ये स्वतंत्रपणे शोधले आणि त्यांच्या लेखातील आकृत्यांवरूनच डच चित्रकार एशर यांना आपल्या चित्रांची दिशा सापडली. या १७ पैकी ५ प्रकारांत केवळ स्थानांतरण व घूर्णन असते; उरलेल्या १२ मध्ये आरसा कोठे ना कोठे दडलेला असतो. पंचघूर्णनाची सममिति असलेला स्फटिक निसर्गात असणार नाही ही समजूत १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांच्या निरीक्षणाने मोडली. अर्थात प्रमेय खोटे ठरले नाही. तो पदार्थ सुव्यवस्थित असूनही पुनरावृत्त नव्हता. आरंभी उपहासाचे धनी झालेल्या शेख्टमन यांना २०११ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शालेय शिक्षणातील वाद : क्लाइन यांची कल्पना शाळेत आणण्याचा मोठा प्रयत्न १९५९ मध्ये फ्रान्समधील र्‌वायोमाँ येथे भरलेल्या परिसंवादानंतर झाला. तेथे झां द्यदॉने यांनी यूक्लिड यांना अभ्यासक्रमातून निरोप देण्याची मागणी केली. इंग्लंडमध्ये १९६१ पासूनच्या शालेय गणित प्रकल्पाने सहनिर्देशक प्रतलावरील परावर्तने, घूर्णने व आव्यूह ही माध्यमिक वर्गांत आणली. सर्वांत तीव्र संघर्ष सोव्हिएट संघात झाला. आंद्रेय कोल्मोगोरोव्ह (१९०३–८७) यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० नंतरच्या दशकात तयार झालेल्या पाठ्यपुस्तकांत, अंतरे राखणाऱ्या क्रियेने एकमेकींवर जाणाऱ्या आकृती त्या एकरूप, अशी व्याख्या होती आणि सदिश म्हणजे स्थानांतरण असे सांगितले होते. वडिलांना मुलांचे गृहपाठ समजेनासे झाले. ल्येव्ह पोंत्र्यागिन या, लहानपणीच दृष्टी गमावूनही थोर भूमितिज्ञ झालेल्या गणित्याने १९८० मध्ये पक्षाच्या मुखपत्रात या पुस्तकांवर कठोर टीका केली व थोड्याच वर्षांत ती मागे पडून अधिक पारंपरिक पुस्तके आली. दोन्ही बाजूंस विसाव्या शतकातील अव्वल दर्जाचे गणिती होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कोल्मोगोरोव्ह यांची व्याख्या निर्दोष होती. पण बारा वर्षांच्या मुलाला कागद दुमडून जे दिसते, ते संचांच्या भाषेत पुन्हा शिकवावयाचे का, हा प्रश्न व्याख्येच्या निर्दोषपणाने सुटत नाही. अमेरिकेत २०१० मध्ये तयार झालेल्या समान शालेय निकषांत एकरूपतेची व्याख्या पुन्हा परावर्तन, घूर्णन व स्थानांतरण यांवरच आधारली गेली.

प्रतिबिंबास मूळ आकृतीहून वेगळे मानावे की नाही, हा प्रश्न २०२३ मध्ये अनपेक्षितपणे पुढे आला. एकाच आकाराच्या फरशीने सर्व प्रतल झाकता यावे, पण नक्षीची पुनरावृत्ती कधीच होऊ नये, अशी फरशी असते काय, हे कोडे अनेक दशके अनुत्तरित होते. इंग्लंडमधील डेव्हिड स्मिथ या हौशी संशोधकाने तेरा बाजूंची, टोपीसारखी दिसणारी फरशी शोधली आणि जोसेफ मायर्स, क्रेग कॅप्लन व चेम गुडमन-स्ट्रॉस यांच्यासमवेत तिची सिद्धता मार्च महिन्यात जाहीर केली. मात्र तिच्या फरसबंदीत दर सु. सात सरळ फरशांमागे एक फरशी उलटी, म्हणजे परावर्तित, बसवावी लागते. ज्या फरशीला एकाच बाजूने झिलई दिलेली असते ती पालथी घालून चालत नाही. तेव्हा ही एक फरशी की दोन, असा आक्षेप निघाला. याच चौघांनी दोन-तीन महिन्यांत त्याच कुळातील दुसरा आकार घेतला व त्याच्या सरळ कडांना वक्र रूप दिले. ही नवी फरशी आपल्या प्रतिबिंबाशेजारी बसूच शकत नाही आणि केवळ घूर्णन व स्थानांतरण यांच्या साहाय्याने, पुनरावृत्तीवाचून, सबंध प्रतल झाकते.